चाक हलतंय, पण सांधा कुठला?

सप्तशृंगी गडावरून नांदुरीकडे उतरणारा घाट सुमारे १० किलोमीटरचा. चढताना चालकाचे कान इंजिनाकडे असतात. उतरताना सगळी भिस्त ब्रेकवर आणि स्टेअरिंगवर. अशा वेळी वळणावर स्टेअरिंग फिरवायला घ्यावे, ते दोन बोटे नुसतेच फिरावे आणि मग कुठे गाडीने तोंड वळवावे, हा अनुभव जुनी गाडी चालवणाऱ्यांना नवा नाही. बहुतेक जण त्याची सवय करून घेतात. 'गाडी जुनी झाली, थोडं लूज असणारच' असे म्हणत त्यांचे हात आपोआप थोडे जास्त फिरू लागतात.

धोका नेमका या सवयीत आहे. ढिलाई एका दिवसात येत नाही. ती महिन्यामहिन्याने वाढते आणि चालकाचे हात तिच्याशी जुळवून घेत जातात. मेहुण्याने किंवा शेजाऱ्याने तीच गाडी चालवायला घेतली, की तो पहिल्या किलोमीटरमध्येच विचारतो, 'अरे, हिचं स्टेअरिंग असं काय?' रोज गाडी चालवणाऱ्याला मात्र त्यात वावगे काही वाटत नाही.

वणीच्या आसपास गाडीच्या पुढच्या भागाची परीक्षाही जरा जास्तच होते. पिंपळगाव बसवंतहून वणीमार्गे सापुताऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मालाच्या गाड्यांची वर्दळ, बागांकडे जाणारे खाचखळग्यांचे शिवाररस्ते, पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर आणून टाकलेला चिखल, आणि पाव्हणे आले की गडाची फेरी. नवरात्रात आणि चैत्रोत्सवात खासगी वाहने नांदुरीतच थांबवून भाविकांना एसटीने वर नेले जाते. वर्षाचे बाकी दिवस घाटात जो तो आपापल्या गाडीने चढतो आणि उतरतो.

स्टेअरिंग ढिले लागते, पुढून टकटक येते, टायर एका कडेने झिजतो, म्हणून लोक काय करतात? 'अलाइनमेंट करून घेऊ' म्हणतात. मशीनच्या पडद्यावर आकडे हिरवे होतात, गाडी बाहेर पडते आणि पंधरा दिवसांत टायर पुन्हा तसाच झिजू लागतो. यात दोष मशीनचा नसतो. अलाइनमेंट म्हणजे चाके ठरावीक कोनांत बसवणे. ज्या सांध्यांवर ते कोन टिकायचे, तेच हलत असतील तर पहिल्या खड्ड्यात सगळे कोन बदलतात. खुंटा हलत असेल तर दावे कितीही मोजून बांधा, उपयोग नाही. त्यानंतर दुसरी चूक होते. एक सुटा भाग बदलायचा, नाही जमले तर दुसरा, मग तिसरा. पैसे जातात आणि टकटक राहते. आधी ढिलाई नेमकी कुठल्या सांध्यात आहे ते शोधायचे आणि मगच पाना हातात घ्यायचा, एवढा क्रम पाळला तर यातले बरेच टळते.

गाडीच्या पुढच्या भागातला बॉल जॉइंट आणि माणसाच्या खुब्याचा सांधा यांची रचना आश्चर्य वाटावे इतकी सारखी आहे. खुब्यात मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. बॉल जॉइंटमध्ये पोलादी गोळा प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या वाटीत फिरतो. खुब्याभोवती पातळ पडद्याची पिशवी असते, तिच्यात वंगणासारखा द्रव असतो. बॉल जॉइंटवर रबरी टोपी असते, तिच्या आत ग्रीस असते. ब्रिटिश शल्यविशारद जॉन चार्नली यांनी १९६२मध्ये कृत्रिम खुब्यासाठी पॉलिथिलीनची वाटी आणि धातूचा गोळा वापरायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्यापुढचा प्रश्नही मोटारीच्या अभियंत्यापुढे असतो तोच होता : गोळा सगळ्या बाजूंना फिरला पाहिजे, पण वाटीतून तसूभरही सुटता कामा नये.

गाडीतला हा सांधा बिघडायला सुरुवात होते ती बहुधा रबरी टोपीपासून. गॅरेजमध्ये तिला बूट म्हणतात. बूट फाटला की ग्रीस बाहेर येते, पाणी आणि बारीक माती आत जाते आणि ग्रीसचा पॉलिश पेपर होतो. शिवाररस्त्यावरच्या एका पावसाळ्यात अशा सांध्याचे आयुष्य झपाट्याने सरते. जुन्या अँबॅसेडरच्या जमान्यात या सांध्यांना ग्रीस भरायची निपल असायची आणि ठरावीक किलोमीटरनंतर मिस्त्री ग्रीसगन घेऊन गाडीखाली शिरायचा. आताचे सांधे बहुतेक कायमचे बंद असतात. देखभाल वाचली हे खरे, पण गाडीखाली नियमाने डोकावणारा माणूसही गेला.

निदानाचे तत्त्व अस्थिरोगतज्ज्ञाकडून शिकण्यासारखे आहे. गुडघ्यातला अस्थिबंध तुटला असेल अशी शंका आली, की डॉक्टर नुसता पाय हलवून पाहत नाहीत. लॅकमन चाचणीत ते एका हाताने मांडी पक्की धरतात आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढतात. एक हाड स्थिर, दुसरे हलते. दोहोंमध्ये जो फरक पडतो तीच त्या सांध्याची ढिलाई. गाडीचे चाक धरून गदागदा हलवले तर 'काहीतरी ढिले आहे' इतकेच कळते, कारण चाकापासून स्टेअरिंगपर्यंत पाच-सहा सांधे एका ओळीत आहेत. प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजू पाहायच्या. एक हलते आणि दुसरी मागे राहते, असे जिथे दिसेल तिथे दोष.

आवाजावर फार विसंबू नये. खुब्याचा आजार असलेल्या रुग्णाला कधी कधी दुखते ते गुडघ्यात. लोखंडातूनही आवाज असाच प्रवास करतो. डावीकडून येते म्हणून डावा लिंक रॉड बदलावा आणि टकटक उजवीकडच्या बुशची निघावी, असे होऊ शकते.

तपासणीला बसण्याआधी दोन साध्या गोष्टी पाहून घ्याव्यात. टायरमधली हवा आणि चाकाचे नट. हवा कमी असलेली गाडी सरळ रस्त्यावरही इकडेतिकडे भरकटते. सैल नटांमुळे चाक हुबेहूब बेअरिंग गेल्यासारखे हलते. यावर खर्च काही नाही, आणि तरी हेच विसरले जाते.

पहिली खरी तपासणी गाडी जमिनीवर उभी असतानाच करायची, जॅक न लावता. चाकांवर गाडीचे वजन असले की टायर जमिनीला धरून राहतो, म्हणजे साखळीचे एक टोक आपोआप स्थिर होते. एकाने आत बसून स्टेअरिंग डावी-उजवीकडे थोडेथोडे, झटक्याझटक्याने हलवायचे. चाक वळेल इतके नाही, ते वळू पाहते न पाहते तोच परत फिरायचे. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवावे. दुसऱ्याने पुढे बसून बघायचे. शक्य असेल तर गाडी पिटवर घ्यावी.

बघायचे काय? स्टेअरिंगचा दांडा खाली जिथे रॅकला मिळतो तिथे एक छोटा सांधा आहे. वरचा भाग फिरला आणि खालचा क्षणभर थांबला, तर ढिलाई तिथेच. रॅकचे आख्खे नळकांडे डावी-उजवीकडे सरकत असेल तर ते ज्या रबरांवर बसवले आहे ती रबरे गेली. रॅकच्या टोकाला, लांब रबरी बेलोजच्या आत, रॅक एंड असतो. तो दिसत नाही, म्हणून बेलोज मुठीत धरून बोटांनी अंदाज घ्यायचा. आणि शेवटी चाकाजवळचा टाय रॉड एंड. त्यावर बोटे अशी ठेवायची की अर्धी दांड्यावर आणि अर्धी चाकाच्या बाजूच्या भागावर येतील. दोन भागांमधली अर्ध्या मिलिमीटरची हालचाल डोळ्याला चुकवेल, बोटांना सहसा चुकवत नाही. बोटे सांध्याच्या बाहेरूनच ठेवावीत, फिरणाऱ्या भागांच्या मधल्या फटीत कधीही नाही.

हे अर्ध्या मिलिमीटरचे कौतुक उगाच नाही. टाय रॉड एंडमध्ये १ मिलिमीटर ढिलाई आहे असे धरा. तो ज्या दांडीला जोडलेला असतो ती साधारण १२ सेंटिमीटर लांब असते, म्हणजे चाक सुमारे अर्धा अंश आपल्या मनाने फिरू शकते. स्टेअरिंगच्या १६ अंशांनी चाक १ अंश वळते असे धरले, तर या अर्ध्या अंशाचे स्टेअरिंगवर साडेसात अंश होतात आणि स्टेअरिंगच्या कडेवर जवळजवळ अडीच सेंटिमीटर. सांध्यात नखाच्या जाडीएवढी फट आणि हातात दोन बोटांची ढिलाई, हे गणित असे जुळते. उलट बाजूने पाहिले तर, स्टेअरिंगवर दोन बोटे ढिलाई लागते तेव्हा आत फार मोठी फट शोधत बसू नये. ती लहानच असणार, आणि दोन-तीन सांध्यांत विभागलेलीही असू शकते.

दुसरी तपासणी चाक उचलून. गाडी सपाट, टणक जागी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे. जॅकने उचलल्यावर खाली स्टँड लावल्याशिवाय गाडीखाली हात घालायचा नाही. गाडीसोबत येणारा जॅक चाक बदलण्यासाठी आहे, भरवशाने खाली शिरण्यासाठी नाही.

आता चाक घड्याळ समजा. आधी ३ आणि ९ वाजण्याच्या जागी धरून आत-बाहेर ढकला. इथे खट् असा झटका लागला तर संशय टाय रॉड एंड किंवा रॅक एंडवर. दुसऱ्या बाजूचे चाक आणि स्टेअरिंग यांना सोबत घेऊन चाक सलग फिरत असेल तर तो दोष नाही, ती स्टेअरिंगची नेहमीची हालचाल आहे. मग १२ आणि ६च्या जागी धरून हलवा. इथे झटका लागला तर संशयित दोन : चाकाचे बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट. ३-९ आणि १२-६ अशा दोन्ही दिशांना सारखेच हलत असेल तर बेअरिंगचा संशय वाढतो.

या दोघांना वेगळे करायची युक्ती फार सुंदर आहे आणि तिला एका माणसाखेरीज कसलेच साधन लागत नाही. त्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा १२-६ला चाक हलवा. ब्रेक दाबला की कॅलिपर डिस्कला पकडतो. डिस्क चाकाबरोबर फिरणारी, कॅलिपर मात्र बेअरिंगच्या पलीकडे, नकलवर बसवलेला. म्हणजे ब्रेकने बेअरिंगच्या दोन्ही बाजू एकमेकींना बांधून टाकल्या. आता ढिलाई नाहीशी झाली तर ती बेअरिंगमध्ये होती. ब्रेक दाबूनही तशीच राहिली तर ती बेअरिंगच्या पुढे, बॉल जॉइंटमध्ये किंवा त्याच्या आसपास आहे. बेअरिंगची आणखी एक खूण रस्त्यावर मिळते. वेगात सलग घूं असा आवाज येतो आणि एका बाजूच्या वळणावर तो वाढतो, दुसऱ्या बाजूच्या वळणावर कमी होतो.

जॅक कुठे लावायचा, याबाबत मात्र अनुभवी माणसेही फसतात. बॉल जॉइंटवर स्प्रिंगचा दाब असेल तर गोळा वाटीत घट्ट बसून राहतो आणि झिजलेला सांधा निरोगी वाटतो. १९८३मध्ये आलेल्या मारुती ८००पासून आपल्याकडच्या बहुतेक छोट्या मोटारींत मॅकफर्सन पद्धतीची रचना आहे. तिच्यात स्प्रिंग शॉकअपभोवती, वर बॉडीला टेकलेली असते. अशा गाडीत जॅक बॉडीखाली, पुस्तिकेत दाखवलेल्या जागी लावून चाक लोंबकळू द्यायचे. खालच्या आर्मखाली जॅक लावला तर स्प्रिंगचा दाब सांध्यावर येतो आणि दोष लपतो. काही जीप-पिकअप प्रकारच्या गाड्यांत स्प्रिंग खालच्या आर्मवरच टेकलेली असते. तिथे उलट करायचे. जॅक आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जवळ लावायचा, म्हणजे स्प्रिंगचा भार जॅक घेतो आणि सांधा मोकळा होतो. गाडी एक, चाक एक, सांधाही तोच. जॅक चुकीच्या जागी लागला तर अहवाल 'सर्व ठीक' असा येतो.

रबरी बुशांची तपासणी हाताच्या जोराने होत नाही. टॉमी घालून आर्म हळूच पुढेमागे रेटावा लागतो. बुश थोडा हलणारच, तो रबराचा आहे. पण रबर धातूपासून सुटलेले किंवा आरपार चिरलेले असेल, किंवा टॉमीबरोबर आर्म झटक्याने सरकत असेल तर तो संपला. रस्त्यावर त्याची ओळख अशी की गाडी एरवी सरळ चालते आणि ब्रेक मारला की एका बाजूला ओढते. ब्रेकच्याच दोषामुळेही असे होते, म्हणून दोन्ही तपासावे लागते. घाटात हे लक्षण पटकन उघड होते, कारण उतारावर ब्रेक मारताना वजन पुढच्या चाकांवर येते आणि झिजलेला बुश चाकाला मागे सरकू देतो.

यातले कुठले लक्षण कधीपर्यंत थोपवून धरता येईल, असे गॅरेजमध्ये हमखास विचारले जाते. लिंक रॉडची टकटक त्रासदायक आहे, ती आठ दिवस थांबू शकते. पण बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड यांच्याबाबत तशी सवलत घेऊ नये. लिंक रॉड तुटला तर वळणावर गाडी जास्त कलते. बॉल जॉइंट वाटीतून निखळला तर चाक कोलमडते, टाय रॉड एंड सुटला तर एक चाक वाटेल तिकडे वळते, आणि तेव्हा स्टेअरिंग हातात असून नसल्यासारखे असते. हे सांधे दणका बसताना किंवा पूर्ण वळण घेताना सुटण्याची शक्यता अधिक. घाटात दोन्ही गोष्टी एकत्र भेटतात.

कायद्यानेही या ढिलाईची दखल घेतली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९मधल्या ९८व्या नियमानुसार स्टेअरिंगवरची मोकळी हालचाल ३० अंशांपेक्षा जास्त असता कामा नये, आणि स्टेअरिंगच्या जोडण्यांतल्या बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असल्या पाहिजेत. ३० अंश म्हणजे घड्याळात १२पासून १पर्यंत. ३८ सेंटिमीटर व्यासाच्या स्टेअरिंगच्या कडेवर हे अंतर सुमारे १० सेंटिमीटर भरते, म्हणजे चार बोटांहून जास्त. ही कायद्याची शेवटची हद्द आहे, तब्येत चांगली असल्याची खूण नव्हे. छोट्या मोटारींच्या पुस्तिकांत साधारण ३ सेंटिमीटरपर्यंतची मोकळीक ठीक मानलेली आढळते. आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा पाहून स्टेअरिंगवर चिकटपट्टीचा तुकडा लावावा आणि पट्टीने मोजावे. महिन्यादोन महिन्यांनी पुन्हा मोजले, की हातांना लागलेली सवय आकड्यात दिसते.

नियम असला तरी तो तपासतो कोण, हा प्रश्न उरतो. भाड्याच्या आणि मालाच्या गाड्यांना ठरावीक मुदतीने फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. स्वयंचलित तपासणी केंद्रांत चाकाखालच्या पोलादी पट्ट्या यंत्राने आडव्यातिडव्या सरकवल्या जातात आणि पिटमध्ये उभा असलेला तपासनीस बॅटरीच्या उजेडात एकेक सांधा पाहतो. खासगी मोटारीची नोंदणी मात्र १५ वर्षांची. तोपर्यंत तिच्या धुराची तपासणी वेळोवेळी होते, पीयूसी नसेल तर दंडही होतो. सांध्यांकडे पाहायला कोणी सांगत नाही. धूर मोजू नये असे कोणी म्हणणार नाही, पण तेच वाहन कुटुंबाला घेऊन घाट उतरत असते.

दोष सापडून भाग बदलल्यावरही दोन गोष्टी राहून जातात. रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर असतानाच पूर्ण आवळले तर चाक खाली टेकल्यावर रबर कायम पिळलेले राहते आणि नवा बुश लवकर फाटतो. शेवटचा ताण गाडीचे वजन चाकांवर आल्यावर द्यायचा. आणि टाय रॉड एंड बदलला की अलाइनमेंट करावीच लागते. या वेळी ती टिकते. टाय रॉड एंडच्या नटाची स्प्लिट पिन बसली आहे ना, किंवा पिन नसेल तर कंपनीने सांगितलेला लॉकनट नवा घातला आहे ना, हे गाडी ताब्यात घेण्यापूर्वी वाकून पाहावे.

दुरुस्तीनंतर पहिले दोन-तीन दिवस गाडी जास्तच वळते, अशी तक्रार घेऊन काही जण गॅरेजमध्ये परत येतात. सांधा घट्ट झालेला असतो, हात अजून जुन्या ढिलाईच्या हिशेबाने फिरत असतात. नांदुरीच्या घाटात शिरण्याआधी दिंडोरीच्या सरळ रस्त्यावर एखादी फेरी मारून आणावी, तेवढ्यात हातांची जुनी सवय सुटते.